एक तात्या म्हणजे किती मीटर

पौष लागला की रांजणगावला जाणाऱ्या कंपनीच्या बसच्या काचा आतून धुरकट होतात. मी ओढणीच्या टोकाने काचेवर एक गोल पुसून घेते आणि त्यातून बाहेर बघत राहते. न्हावरा सोडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना जोंधळा उभा असतो. कणसांत नुकताच चीक भरलेला, पानांवर दव. कुठल्या तरी बांधाआड हुरड्याची आगटी पेटलेली असते आणि भाजल्या कणसांचा वास डिझेलच्या वासातून वाट काढत माझ्यापर्यंत येतो. तो आला की माझे खांदे आपोआप ताठ होतात. इतरांना या दिवसांत हुरडा, गूळ, शेंगदाण्याची चटणी आठवते. मला खुंट्या आठवतात. रिकाम्या रानात एका रेषेत ठोकलेल्या, टोकाला चिंध्या बांधलेल्या खुंट्या.

मी ज्या खोलीत काम करते तिथे ऋतू नसतात. तापमान बारा महिने सारखं ठेवलेलं असतं, कारण थंडीत पोलाद आकसतं आणि उन्हात प्रसरण पावतं. मखमली खाचांत पोलादाचे लहानलहान ठोकळे झोपवलेले असतात. कारखान्यातली सगळी मापं त्या ठोकळ्यांशी ताडून बघायची, हे माझं काम. नवीन आलेल्या मुलींना एका गोष्टीचं नवल वाटतं: वर्षातून एकदा हे ठोकळेसुद्धा तपासणीसाठी बाहेर पाठवावे लागतात. "मॅडम, माप कसं काय चुकेल? ते तर माप आहे," असं परवा एकीने विचारलं. मी तिला झीज, तापमान, हाताळणी अशी शिस्तशीर कारणं सांगितली. खरं उत्तर सांगायला वेळ नव्हता. खरं उत्तर आमच्या वाडीत राहतं आणि त्या मापाचं नाव तात्या.

तात्या माझ्या वडिलांचे चुलते. आमची मंडळी पूर्वी मेंढरं घेऊन फिरणारी. न्हावरा-केडगाव रस्त्याच्या आत, भीमेच्या अलीकडच्या माळावर त्यांनी विहीर पाडली आणि ती एका जागी बसली. मेंढरं हळूहळू गेली, ऊस आला. पण तात्यांच्या गळ्यातली हाळी तेवढी राहिली. हाळी म्हणजे माळावरच्या माणसाने लांबच्या माणसाला घातलेली साद. पहिला स्वर आखूड, दुसरा लांब, आणि शेवटी एक चढाव, जणू आवाजाने टाचा उंच करून पलीकडे पाहिलं. वाडीमागच्या टेकाडावर उभं राहून, उजवा हात वर करून तात्या हाळी देत, तेव्हा पाखरं उडत आणि रानात वाकलेली माणसं पाठ सरळ करत.

ही हाळी जिथवर स्पष्ट ऐकू येते तेवढं अंतर म्हणजे एक तात्या. हे माप कधी सुरू झालं ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण वाडीत सगळे तेच वापरत. उसाचा ट्रक घेऊन आलेला बाहेरचा ड्रायव्हर विचारी, "मामा, कारखान्याचा रस्ता किती लांब?"

"हितनं दीड तात्या."

"म्हणजे?"

"म्हंजी तात्यानं हितनं हाळी दिली, आन् ती दमून जिथं बसंल, तिथनं आनिक निम्मं."

एकदा लाइन ओढायला आलेल्या वायरमनने हिशोब जुळवायचा प्रयत्न केला होता. "आमच्यात पोल असतात. एका तात्यात किती पोल बसतात ते सांगा." त्यावर तात्या म्हणाले होते, "तुझं पोल वादळात पडत्यात. मी आजून उभा हाय. मंग कुणाच्यात कोण बसंल?" माणसं किती तरी दिवस हे वाक्य एकमेकांना सांगून हसत होती. तात्याही हसत. आपण एक माप आहोत, याचा त्यांना उघड अभिमान होता. चालताना ते थोडे जास्तच ताठ चालत.

पण माप नुसतं गमतीचं राहिलं नव्हतं. त्या वर्षांत उसात बिबट्या दिसू लागला होता. आधी पलीकडच्या वस्तीवरची कुत्री नाहीशी झाली, मग शेळ्या. तेव्हा वाडीने एक नियम केला. दिवस कलता कलता कोणीही, विशेषतः बायका आणि पोरं, एका तात्याच्या पलीकडे जायचं नाही. काही हालचाल दिसली तर तात्या टेकाडावरून हाळी देतील आणि सगळ्यांनी हातातलं काम टाकून परत फिरायचं. म्हणजे आमचं गमतीचं माप आता कुंपण झालं होतं. त्या कुंपणाला तार नव्हती, खांब नव्हते. एका सत्तरीच्या माणसाच्या गळ्यावर ते उभं होतं.

मी तेव्हा शिरूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय पदार्थविज्ञान. मला पुण्याला जायचं होतं आणि तिथे न थांबता पुढेही जायचं होतं. हे मी घरात बोलत नसे, पण प्रत्येक गोष्ट करताना तेच मोजत असे. वर्षाचा प्रकल्प निवडायची वेळ आली तेव्हा मुलं बाजारातून तयार मॉडेलं आणण्याच्या गोष्टी करत होती. मी सरांना आमच्या मापाविषयी सांगितलं. सर हसले, मग हसणं थांबवून म्हणाले, "जे मीटरमध्ये सांगता येत नाही त्याला माप म्हणत नाहीत. ती गंमत झाली. तू त्याचं रूपांतर करून आण. आणि नुसता आकडा नको. तो आकडा किती हलतो, तेही पाहिजे."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं होतं. तेव्हा मला ते केवळ गुणांसाठी महत्त्वाचं वाटलं.

दिवाळी झाल्यावर मी रान आखलं. बाजरी निघून गेलेली, जमीन मोकळी. टेकाडापासून सरळ रेषेत सायकल ढकलत नेली. चाकाच्या एका आऱ्याला लाल चिंधी बांधली होती, तिचे फेरे मोजून ठरावीक अंतरावर खुंटी ठोकली. तात्यांची कल्पना आवडली आणि त्यांनी खुंट्या स्वतः तासून दिल्या. ऐकण्याचं काम सर्जामामांकडे. सर्जामामा तात्यांचे सोबती. तरुणपणी दोघांनी मिळून कोकणाच्या तोंडापर्यंत मेंढरं नेली होती. ठरलं असं, की सर्जामामांनी एकेका खुंटीवर उभं राहायचं, तात्यांनी टेकाडावरून हात वर करून हाळी द्यायची, आणि ऐकू आली की मामांनी पांढरं फडकं वर करायचं. मी तात्यांच्या शेजारी उभी राहून टिपून घ्यायचं.

पहिल्याच दिवशी उत्तर मिळालं. बाभळीजवळच्या खुंटीपर्यंत फडकं वर होत होतं, तिच्या पुढे नाही. एक तात्या म्हणजे सहाशे वीस मीटर. त्या संध्याकाळी वाडीभर बातमी झाली. "सरकारी भाषेत आपला तात्या सहाशे वीस भरला," असं सर्जामामा जो भेटेल त्याला सांगत होते, जणू लेकरू पास झालं होतं.

मी मात्र मोजत राहिले, कारण आकडा किती हलतो हे हवं होतं. पहाटे मोजलं. दुपारी मोजलं. वारा समोरून असताना मोजलं, मागून असताना मोजलं. आणि माझ्या मनात पहिली शंका उठली ती इथे. आकडा हलेना.

हे कोणाला सांगून कळण्यासारखं नव्हतं. पहाटे जमिनीलगतची हवा गार असते, वरची उबदार. अशा वेळी आवाज वर निसटत नाही, खाली वाकतो आणि दूर जातो. दुपारी बरोबर उलटं होतं. वाऱ्याने तर फरक पडतोच पडतो. म्हणजे आकडा नाचायला हवा होता. तो दर वेळी त्याच बाभळीशी येऊन थांबत होता. निसर्गात इतकी गुणी गोष्ट नसते. वर्गातल्या मुलींनी असे निकाल आणले असते तर मी म्हटलं असतं, प्रयोग केलाच नाही, आकडे घरी बसून लिहिले. पण प्रयोग माझ्या डोळ्यांसमोर होत होता.

तात्यांच्या शेजारी उभं राहिल्याने आणखी एक गोष्ट माझ्या कानावर पडत होती. हाळीतला शेवटचा चढाव आता चढत नव्हता. तिथे आवाज खरखरून फाटत होता. हाळी देऊन झाली की ते पाठ फिरवून पाणी पीत, आणि एक घोट दोनदा गिळत.

"तात्या, घसा बसलाय का?"

"थंडी पडलीय ग. आन् तुझ्यापायी रोज वराडतोय."

जिजी, म्हणजे तात्यांची बायको, एवढंच म्हणाली, "भाकरी दुधात कुस्करून मागत्यात. आदी कवा न्हाई मागितली." ती हे माझ्याकडे बघून म्हणाली, तात्यांकडे बघून नाही.

मार्गशीर्ष संपत आला होता. एका तिन्हीसांजेला उसाच्या कडेला काही तरी सरकताना कोणाला तरी दिसलं. "वाघरू! वाघरू हाय!" तात्या टेकाडावर चढले, हात वर केला, हाळी दिली. एकामागून एक माणसं परत येऊ लागली. बायकांनी गवताचे भारे तसेच टाकले होते, पोरांनी शेळ्यांना कान धरून ओढत आणलं होतं. सगळे आले. जिजी आली नाही.

ती जनावरांसाठी घास कापायला बाभळीच्या अलीकडे गेली होती. अलीकडे, म्हणजे एका तात्याच्या आत. तात्यांनी पुन्हा हाळी दिली. पुन्हा दिली. चौथ्या वेळी आवाज निघालाच नाही, नुसता हात वर राहिला. माझे वडील, आण्णा, बॅटरी आणि कुऱ्हाड घेऊन धावले, मागून मीही धावले. जोंधळ्याची पानं तोंडावर सपासप लागत होती. प्रत्येक सळसळ जवळ येत असल्यासारखी वाटत होती. आणि जिजी आम्हाला सापडली ती निवांत बसलेली, विळ्याने घास कापताना, शेजारी अर्धा भारा.

"हाळी ऐकली न्हाई व्हय ग?" आण्णा ओरडले.

"कुठली हाळी?" ती म्हणाली.

घरी आल्यावर तात्यांनी बसक्या आवाजात जिजीला शिव्या घातल्या, बाकी सगळ्यांनी वाऱ्याला बोल लावला. मी अंगणात उभी राहून बोट ओलं करून पाहिलं. वारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तात्यांच्या शेजारी उभी राहिले नाही. बाभळीजवळ सर्जामामांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. लांब टेकाडावर तात्या करंगळीएवढे दिसत होते. त्यांचा हात वर गेला. मी श्वास रोखला. जोंधळ्यात एक पाखरू बोललं, दूर कुठे तरी ट्रॅक्टर गुरगुरला. बाकी काही नाही. आणि माझ्या शेजारी पांढरं फडकं वर झालं.

"मामा, ऐकू आलं?"

"आलं की."

"मला नाही आलं."

"तुजं कान शाळंचं. त्यास्नी माळाचं काय कळणार?"

"मामा. खरं सांगा."

ते फडक्याची घडी घालू लागले. घडी नीट बसेना. "त्यानं हात वर केला न्हवं? मंग हाळी आसणारच. सबंद जल्मात त्यानं हात केला आन् हाळी आली न्हाई, आसं कवा झालंय?"

"पण तुम्हाला ऐकू आली का?"

"मने," ते हळू बोलले, "त्यो मानूस तिकडं जीव तोडून वराडतोय, त्ये मला दिसतंय. आन् मी हितं फडकं खाली ठिवून उभा ऱ्हाऊ?"

मला राग यायला हवा होता. महिनाभराचे आकडे मातीत गेले होते. पण त्या क्षणी मला फक्त थंडी वाजली. आकडा का हलत नव्हता ते आता कळलं होतं. तो कधी तात्यांच्या आवाजाचा नव्हताच. सर्जामामांच्या मायेचं ते माप होतं आणि ते स्थिर होतं. मग आवाज कुठवर येत होता? त्याला कोणी मोजलंच नव्हतं. आणि वाडीतल्या बायका त्याच्यावर विसंबून रोज रानात जात होत्या.

आजही कंपनीत एखादा निकाल फार सुबक आला की मी तो दोनदा तपासते. माझ्याविषयी लोक म्हणतात, मॅडम कोणावर विश्वास ठेवत नाहीत. तसं नाही. माणसं खोटं बोलतात ते बहुतेक वेळा फसवायला नाही, हे मला फार लवकर कळलं, इतकंच.

आण्णांना सांगून मी आधी बायकांना दिवस कलायच्या आत घरी यायला लावलं आणि मग प्रयोग नव्याने मांडला. सर्जामामांनी पाठ फिरवून उभं राहायचं, म्हणजे हात दिसणार नाही. मी त्यांच्याजवळ. दोघांना ऐकू आली तरच ती हाळी धरायची. फडकं वर गेलं नाही की मामा घरी येऊन तात्यांना वाऱ्याचं कारण सांगत. शिवाय दोष कानांचा की हवेचा, हेही वेगळं करायला हवं होतं. त्यासाठी जिजीची पितळी परात घेतली. टेकाडावरच्या फांदीला ती टांगायची आणि दोरीला बांधलेला दगड दर वेळी तितकाच मागे ओढून सोडायचा. रोज आधी परात, मग तात्या. परात जिथवर ऐकू येते तिथवर हवा आणि कान दोन्ही ठीक.

"परातीला पोचं पाडशील. तिच्यात पीठ कुनी मळायचं मंग?" जिजी कुरकुरली. पण टेकाडावर दगड सोडायला तीच आली, आणि एकदाही चुकली नाही.

परात हवेप्रमाणे थोडी मागेपुढे होत होती, जशी व्हायला हवी तशी. तात्या मात्र एकाच दिशेने सरकत होते. पहिल्या खऱ्या मोजणीत चारशेच्या जरा वर. आठवड्याने त्याच्या खाली. पौषात, हुरड्याच्या ऐन दिवसांत, तीनशेच्या खुंटीवर मी आणि सर्जामामा पाठ फिरवून उभे होतो आणि फडकं खाली होतं. मामांचे दात एकमेकांवर दाबलेले मला दिसत होते. ते मनातल्या मनात हाळी ऐकायचा प्रयत्न करत होते. ऐकू आली ती परात, खणखणीत.

त्या दुपारी मी फडक्याचे जुने आणि आताचे नवे, सगळे आकडे आलेख-कागदावर मांडले. आधी सपाट असलेली रेषा पुढे उतरत होती. आवाज चहूकडे पसरतो, त्यामुळे पोहोच निम्मी होते तेव्हा आवाजाचं बळ निम्मं झालेलं नसतं. ते चौथ्या हिश्श्यावर आलेलं असतं. हे सूत्र मी परीक्षेत कितीदा तरी लिहिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा ते वाचताना माझा हात थांबला. थंडीने बसलेला घसा आठ दिवसांत सुटतो. ही रेषा कुठेच सुटत नव्हती.

कागद कॉलेजात दाखवला तेव्हा सर म्हणाले, "शेवटचे बिंदू बाकीच्यांशी जुळत नाहीत. काढून टाकलेस तर निकाल नीट दिसेल." मी म्हटलं, "सर, शेवटचे बिंदूच खरे आहेत." त्यांनी कागद खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "त्यांना डॉक्टरला दाखवलंस का?"

दाखवणार कशी? मी आधीच दोनदा विषय काढला होता. तात्यांनी तो बिडीसारखा विझवला होता. "गळ्याला काय झालंय? मी काय नवरी हाय व्हय, गळा दाखवत फिरायला?" आण्णांनीही सावध केलं होतं, "त्यांच्या आवाजाबद्दल त्यांच्या तोंडावर काही बोलू नकोस. माणूस मोडेल." घरात सगळे कुजबुजत होते, आणि ज्याच्याविषयी कुजबुज होती तो रोज टेकाडावर जाऊन हात वर करत होता.

मग मी ठरवलं की काही बोलायचं नाही. मोजायला लावायचं.

"तात्या, उद्या तुम्ही माझ्याबरोबर खुंट्यांवरून चला. माप तुमचं, तुम्हीच तपासायला हवं."

ते आले. काठी टेकत, पटका नीट बांधून, पाहणीला निघालेल्या पाटलासारखे. मी तीनशेच्या खुंटीजवळ थांबले.

"हितं कशापायी थांबली? बाबळीपाशी चल की."

"तात्या, बाभळीपर्यंत नाही येत आता. इथवरही परवा आली नाही."

त्यांनी सर्जामामांकडे पाहिलं. "सर्जा? तू तर म्हनलास..."

 सर्जामामांनी कमरेचं पांढरं फडकं सोडलं आणि तात्यांच्या हातात ठेवलं. बस्स. एवढंच.

तात्यांनी ते फडकं मुठीत धरलं. मग वळून टेकाडाकडे पाहिलं, तिथून या खुंटीकडे, इथून बाभळीकडे. ते काठीने अंतर मापत बाभळीपर्यंत चालत गेले आणि तसेच परत आले. मला वाटलं आता ओरडतील. मला, मामांना, कोणाला तरी. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला तो फाटक्या घोंगड्यासारखा.

"हौसानं त्या दिशी हाळी ऐकली न्हाई," ते म्हणाले. हौसा म्हणजे जिजी. "ती काय कानानं भैरी न्हवती."

"नाही तात्या."

"आन् म्या तिला घरी येऊन शिव्या घातल्या."

ते खुंटीजवळ खाली बसले. काठी मांडीवर आडवी ठेवत म्हणाले, "डाक्टर कुठं आसतो?"

दौंडला गळ्याचा डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा. भीमेवरच्या पुलावरून एसटी जाताना तात्या खिडकीत बसले होते आणि दर पाण्याच्या वळणाकडे बोट दाखवून सर्जामामांना काही तरी खुणावत होते. बहुतेक मेंढरांच्या जुन्या वाटा. डॉक्टरांनी घशात छोटा आरसा धरून पाहिलं. पुन्हा पाहिलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "पुण्याला न्या. या आठवड्यात न्या." कागदावर त्यांनी जे लिहिलं ते मला वाचता आलं. त्या वेळी वाचता न येणाऱ्या सर्जामामांचा मला हेवा वाटला.

केडगावहून पुण्याची पॅसेंजर, दवाखान्यातले लांब बाक, फिनाइलचा वास, गळ्यातला तुकडा तपासायला पाठवल्यानंतरची वाट. त्या वाट पाहण्याला कुठलंच माप पुरलं नाही. निकाल आला. गाठ स्वरयंत्रावर होती आणि तिच्याबाहेर गेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "आवाजाची पेटी काढावी लागेल. माणूस वाचेल. अजून दोन-तीन महिन्यांनी आला असतात तर मी हे वाक्य बोललो नसतो." मग त्यांनी विचारलं, "इतक्या लवकर लक्षात कसं आलं? गावाकडची माणसं फार उशिरा येतात." मी त्यांना खुंट्यांचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि मान हलवली.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आण्णा, जिजी आणि मी कॉटभोवती होतो. जिजी म्हणाली, "काय बोलायचं आसंल ते आज बोला. उद्याला मीच बोलनार, आन् तुमी ऐकनार."

"ह्ये काय नवीन हाय व्हय?" तात्या त्या फाटक्या आवाजात म्हणाले. शेजारच्या कॉटवरचा माणूससुद्धा हसला. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

प्रकल्पाला चांगले गुण मिळाले. मी पुण्याला गेले, शिकले, पुढेही गेले, आणि नोकरीसाठी पुन्हा याच रस्त्यावर आले. वाडीत मोबाईल आले, उसाच्या कडेला दिवे लागले. पण अंतर विचारलं की आजही कोणी तरी म्हणतं, "हितनं दोन तात्या." कुठला तात्या, असं कोणी विचारत नाही. वाडीने परस्पर ठरवून टाकलं आहे की तात्या म्हणजे बाभळीपर्यंत. सहाशे वीस मीटर. सर्जामामांच्या फडक्याने दिलेला, शास्त्राच्या दृष्टीने साफ चुकीचा आकडा. मी तो दुरुस्त करायला गेले नाही.

पण पौषातली जी सकाळ मला बसमध्ये ताठ बसवते, ती ऑपरेशननंतरच्या पुढच्या वर्षीची आहे. सुट्टीत घरी आले होते. तात्या अंगणात बसलेले, गळ्याच्या छिद्रावर मलमलीचा तुकडा, श्वासाचा बारीक सू-सू आवाज. माझ्याकडे बघून त्यांनी टेकाडाकडे बोट केलं. मग माझ्या गळ्याकडे. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून रानाकडे.

"त्यास्नी म्हनायचंय, आता तू हाळी दे. त्ये ऐकत्यात," जिजी म्हणाली. वर्षभरात ती त्यांचा आवाज झाली होती.

"मला नाही येत, तात्या. माझा आवाज खोलीतला."

त्यांनी हात झटकला. विषय संपला. सर्जामामांकडून पांढरं फडकं मागून घेतलं आणि काठी टेकत रानात निघाले.

मी टेकाडावर उभी राहिले. खाली धुकं विरत होतं, आगटीचा धूर सरळ वर जात होता, वारा नव्हता. तात्या तीनशेच्या खुंटीवर थांबले नाहीत. चारशेच्या नाही. चालत राहिले, थेट बाभळीपर्यंत. तिथवर माझा आवाज जाणं शक्य नव्हतं. मला ते ठाऊक होतं आणि त्यांनाही असणार. आवाज कुठवर जातो हे जोखण्याखेरीज आयुष्यभर त्यांनी दुसरं केलं काय होतं?

बाभळीजवळ थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मग, नियमाप्रमाणे, पाठ फिरवली. मी गेल्या वर्षी सर्जामामांना शिकवली होती तशी. फसवाफसवी नको.

मी हात वर केला. छातीत हवा भरली. मग पहिला स्वर कुठून उचलायचा तेच आठवेना. मी थांबले, तो मनात जुळवून पाहू लागले.

आणि तिकडे, माझ्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या तात्यांच्या हातातलं पांढरं फडकं वर गेलं. उंच. जेवढा हात पोहोचेल तेवढं.

मी अजून हाळी दिलीच नव्हती.

नियमाने ती नोंद बाद करायला हवी होती. मी तोंडाभोवती हात धरले आणि सगळं बळ एकवटून हाळी दिली. पहिला स्वर आखूड, दुसरा लांब, शेवटी चढाव. उशिरा का होईना, ते फडकं खोटं पडू नये म्हणून.